चार ते सात

पहिल्या बैठकीत बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या:
सगळ्यांत मोठी काळजी लिहा, नाव नको.
एकोणीस घरं, एकोणीस चिठ्ठ्या,
अक्षरं वेगळी, वाक्य एकच.
बाईंनी ते मोठ्यानं वाचलं नाही.
म्हणाल्या, आधी तीन तासांचा सराव करू.

मग विभागाच्या लांब टेबलाशी सह्या झाल्या.
वर छापलं होतं 'सामंजस्य करार',
इकडे विद्यापीठ, तिकडे पालकसंघ,
म्हणजे आम्ही आणि चहाचा एक थर्मास.
सामंजस्य हा शब्द मी तोवर
फक्त भाऊबंदकीच्या निकालात ऐकला होता.

कलम सहा: दर शनिवारी चार ते सात
दोन विद्यार्थी घरी येतील.
पालकांनी त्या वेळात घरी थांबू नये.

थांबू नये!
सव्वीस वर्षांत असं कुणी बजावलं नव्हतं.
सगळे थांबाच म्हणत आले,
गेटाशी थांबा, डॉक्टर येतायत थांबा,
लग्नाला दोघं आलात तर त्याच्याजवळ कोण थांबेल?

आले ते दोघे. बार्शीची अल्फिया, शहाद्याचा दुर्गेश,
वह्या छातीशी धरून.
मी दारातच सुरू झाले:
मिक्सर लावू नका. भात त्या पोचा आलेल्या ताटलीतच.
चिमटे मोजत असेल तर मध्ये बोलू नका,
चुकलं की पुन्हा एकपासून, आणि चिमटे एकशे चाळीस आहेत.
रुळावरून गाडी गेली की प्रणील म्हणेल 'गेली'.
तुम्हीही म्हणा 'गेली',
नाहीतर पुढची येईपर्यंत म्हणत राहील.
शब्द त्याला अकरा येतात. यादी फ्रिजवर आहे.
दुर्गेश लिहून घेत होता.
अल्फिया म्हणाली, "काकू, चार वाजून दहा झाले."

दापोडीच्या रस्त्यावर आम्ही दोघं.
हातात पिशवी नाही, त्याचं मनगट नाही.
माझा उजवा हात तरी अर्धवट मिटलेलाच,
सदाशिवनं तो पाहिला आणि दुकानांकडे बघायला लागला.
"कुठं जायचं?"
एका दुकानात स्टीलचे डबे बघितले, घ्यायचे नव्हते.
उसाचा रस घेतला, घटाघट संपवला,
आमचं सगळंच घाईत संपतं.
पाच वाजून पाच.

सहा चाळीसला आम्ही जिन्यात,
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, चोरासारखे.
वरून हसू येत होतं, तिघांचं.
त्यातलं त्याचं कुठलं, कळायला मला क्षणभर लागला.
तो क्षण मला आवडला नाही.

महिन्यानं अहवाल आला, शिक्क्यासह.
प्रणील: नवीन शब्द एक, 'अजून'.
चिमटे संपल्यावर म्हणाला म्हणे.
मी यादीखाली लिहिला, बारावा,
पण माझ्या कानांनी तो ऐकलेला नाही.
विचारून पाहिलं, चिमटे लपवूनही पाहिले.
माझ्याकडे तो बघतो आणि वाट पाहतो
मी चिमटे काढून द्यायची.
सदाशिव म्हणाला, असू दे,
काहीतरी त्याचं त्याच्याजवळ असू दे.
शेवटी पेन्सिलीनं, दुर्गेशच्या तिरक्या अक्षरात:
पालक वीस मिनिटे आधी परतले. चारही शनिवारी.
सुधारणेस वाव आहे.

आज मुळेच्या पुलावर उभे आहोत.
खाली जलपर्णी, पाणी असेल तिच्याखाली कुठंतरी.
मी भाजक्या शेंगा एकेक सोलतेय,
टरफलं पदरात.
शेजारच्या रेल्वेपुलावरून लोणावळ्याची गाडी गेली.
सदाशिव हळूच म्हणाला, "गेली."
मी म्हटलं, "गेली."
त्यानं घड्याळ पाहिलं.
अठरा मिनिटं आहेत अजून.